कौलारू छपराची पाखी सॉफ्टवेअरमध्ये हाताने बसवताना: रूफ प्लेन आणि सीलिंग प्लेन

चीफ आर्किटेक्ट किंवा त्याच कंपनीचं होम डिझायनर प्रो ही घराचे आराखडे काढायची सॉफ्टवेअर, दोन्हीत भिंती ओढणं, दारं खिडक्या बसवणं पटकन जमतं, अडतं ते छपरावर. ऑटो रूफ दाबलं की छप्पर येतं खरं, पण गावच्या घराला पुढे पडवी हवी असते, पडवीचा उतार मुख्य घरापेक्षा कमी हवा असतो, माजघरात फळ्यांचं तिरकं सीलिंग हवं असतं, मागे स्वयंपाकघर काटकोनात निघालेलं असतं, आणि मग ऑटोने दिलेलं छप्पर आपल्या मनातल्या छपराशी काही केल्या जुळत नाही. मग लोक काय करतात तर माउसने पाखं पकडून इकडून तिकडे ओढत बसतात, प्लॅनमध्ये सगळं जुळलेलं दिसतं आणि थ्रीडी उघडलं की आढ्यापाशी फट आणि कोपऱ्यात एक पाखं दुसऱ्याच्या आत घुसलेलं.

एक गोष्ट आधीच पक्की करा. पाखं आकड्यांनी हलवायचं, नजरेने नाही. कुठलंही रूफ प्लेन म्हणजे छपराचं एक पाखं घ्या, त्याचं सगळं तीनच गोष्टींवर ठरतं: बेसलाइन, म्हणजे भिंतीवरची ज्या रेषेपासून पाख्याचा चढ मोजतात ती, कुठे आहे, बेसलाइनची उंची किती, आणि पिच म्हणजे उतार किती. बाकी ज्या कडा दिसतात, आढं, वळचण, बाजूच्या तिरक्या रेषा, त्या फक्त ते पाखं कुठवर कापायचं हे सांगतात. हे तीन आकडे बरोबर असले तर कडा कितीही विस्कटल्या तरी दोन मिनिटांत परत जुळतात, आणि आकडे चुकले असले तर कडा कितीही ओढा, दोन पाखी हवेतच एकमेकांना चुकवून जाणार.

उदाहरणाला कोकणातलं एक साधं घर घेऊ. मुख्य घर २० फूट खोल आणि ३० फूट लांब, दुपाखी, पुढे ८ फुटांची पडवी, मागे १४ फूट रुंद स्वयंपाकघर काटकोनात. मंगळुरी कौलं. उतार ७ इन १२, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ७ इंच चढ, अंशात सांगायचं तर जरासं ३० च्या वर. ज्यांना अंशांची सवय आहे त्यांच्यासाठी, ५ इन १२ म्हणजे साडेबावीसच्या आसपास, ६ म्हणजे साडेसव्वीस, ८ म्हणजे ३४ ला थोडं कमी, आणि १२ इन १२ म्हणजे बरोबर ४५.

छपराला हात लावण्याआधी

भिंतीचा प्रकार आधी बदला, हे बहुतेक जण विसरतात. सॉफ्टवेअरची डिफॉल्ट भिंत अमेरिकन लाकडी सांगाड्याची असते, वर साइडिंग वगैरे, आणि बेसलाइन बसते ती भिंतीच्या मुख्य थराच्या बाहेरच्या कडेवर. तुम्ही छप्पर करून झाल्यावर भिंत चिऱ्याची केली, जाडी वाढवली, की ती कड सरकते आणि बेसलाइन बिचारी जुन्या जागी राहते. म्हणून आधी भिंत चिऱ्याची किंवा विटेची करून घ्या, गिलाव्याचे थर धरून. तसंच वाशाची जाडी. रूफ डिफॉल्ट्समध्ये वासा आणि वरचे थर अमेरिकन पद्धतीचे असतात, प्लायवूड आणि शिंगल, आपल्याकडे वासे, रिपा आणि कौलं, तर ते थर तिथेच बदलून टाका कारण खालचं सीलिंग किती उंचीवर येणार हे वाशाच्या खोलीवर अवलंबून असतं.

मग ऑटोकडून जितकं काम होईल तितकं करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ऑटो मुळात प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर एक पाखं टाकतं म्हणजे घर चौपाखी होतं, दुपाखी हवं असेल तर बाजूच्या दोन भिंती सिलेक्ट करून त्यांच्या रूफ टॅबमध्ये फुल गेबल करा, त्या भिंती त्रिकोणी होऊन आढ्यापर्यंत जातात. एखाद्या भिंतीवरचा उतार वेगळा हवा असेल तर तोही त्याच टॅबमध्ये मिळतो. स्वयंपाकघराचं छप्परही ऑटोला करू द्या, काटकोनात दोन पाखी मिळतात तिथली खोबण ते छान काढतं.

एवढं झालं की बिल्ड रूफच्या डायलॉगमध्ये जाऊन ऑटो रिबिल्ड रूफ्सची खूण काढा, आणि फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. ही खूण राहिली तर तुम्ही अर्धा तास खपून पाखी बसवाल, मग कुठल्याशा भिंतीला जरा धक्का लागला की सॉफ्टवेअर सगळं छप्पर नव्याने बांधतं आणि तुमचे बदल गेले. खूण काढल्यावर उलटी जबाबदारी येते, भिंत हलवली तर छप्पर मागोमाग येणार नाही, ते तुम्हालाच आणायचंय. म्हणूनच प्लॅन पक्का होईपर्यंत ऑटो बंद करू नका. घरातले अजून "ती खोली दोन फूट वाढवूया का" म्हणत असतील तर छप्पर थांबू दे.

बेसलाइन, उंची, पिच

आता कुठल्याही एका पाख्यावर डबल क्लिक करून त्याचा डायलॉग उघडा आणि बेसलाइनची उंची बघा. भिंत १२ फूट असली तरी तिथे नेमके १२ फूट दिसतीलच असं नाही, कारण वासा भिंतीवर बसायला खाच घेतो आणि आकडा काही इंचांनी इकडे तिकडे होतो. त्या फरकाशी भांडू नका. ऑटोने दिलेला आकडा हाच पाया धरा आणि पुढची सगळी बेरीज वजाबाकी त्यावरून करा. मी खाली हिशेबाला सोपं म्हणून गोल १२ फूट धरतोय.

२० फुटांच्या घराचं आढं मध्यावर, म्हणजे भिंतीपासून १० फुटांवर. १० गुणिले ७ म्हणजे ७० इंच, ५ फूट १० इंच. आढं आलं १७ फूट १० इंचांवर. मागच्या बाजूला वळचण २ फूट बाहेर काढली तर ती १४ इंच खाली उतरते, १० फूट १० इंच. हा हिशेब कागदावर करून मग डायलॉगमधल्या आकड्याशी ताडून बघा, एकदा जुळला की पुढे सॉफ्टवेअर काय करतंय ते तुम्हाला कळत राहतं.

प्लॅनमध्ये पाखं पकडून सरकवलं तर काय होतं हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. पाखं एक फूट बाहेर सरकवलं तर बेसलाइन त्याच्याबरोबर बाहेर जाते पण तिची उंची तीच राहते. म्हणजे १२ फूट उंची आता भिंतीच्या एक फूट बाहेर आहे, आणि खुद्द भिंतीवर पाखं ७ इंच वर गेलंय. आणि मेख अशी की फट दिसत नाही, कारण भिंती आपोआप छपरापर्यंत वाढतात, चूक झाकली जाते, आणि साइटवर गवंडी विचारतो की ही भिंत सात इंच जास्त कशाला. म्हणून वळचण वाढवायची असेल तर अख्खं पाखं सरकवू नका, फक्त वळचणीची कड सिलेक्ट करून ती ओढा, उतार आणि बेसलाइन दोन्ही जागच्या जागी राहतात.

वळचणीवरून एक सांगतो. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंत भिजू नये म्हणून वळचण लांब हवी हे खरंच, पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि दापोलीकडे किती छपरं उडाली ते सगळ्यांनी पाहिलंय. बाहेर लटकणारा भाग जितका लांब तितकी वाऱ्याला खालून उचलायला जागा. स्क्रीनवर कड ओढायला काही लागत नाही म्हणून तीन तीन फूट काढू नका, दोन फुटांच्या पुढे गेलात तर खाली आधार काय देणार ते आधी ठरवा.

आता पिच बदलताना लॉक. डायलॉगमध्ये पिच बदलताना काहीतरी एक स्थिर ठेवावं लागतं, बेसलाइनची उंची, आढ्याची उंची किंवा वळचणीची वरची कड. पिच ७ वरून ६ केला आणि बेसलाइन लॉक असेल तर आढं १० इंच खाली येतं. आढं लॉक असेल तर उलट, बेसलाइन १० इंच वर जाते आणि पुन्हा तीच गोष्ट, भिंत गुपचूप वाढते. बहुतेक वेळा तुम्हाला बेसलाइनच लॉक हवी असते. आढं लॉक करायचं ते जुन्या घराला नवीन भाग जोडताना, जुनं आढं तसंच ठेवून नवं पाखं त्याला आणून भिडवायचं असेल तेव्हा.

आणि पुढचं मागचं पाखं वेगवेगळ्या उताराचं असेल तर आढं मध्यावर राहत नाही. पुढे ७, मागे ५, दोन्ही भिंती सारख्या उंच, तर आढं पुढच्या भिंतीपासून ८ फूट ४ इंचांवर येतं, १० वर नाही. हे बरोबरच आहे, सॉफ्टवेअरची चूक नाही. तुम्हाला आढं मधल्या भिंतीवरच हवं असेल तर मागच्या पाख्याची बेसलाइन २० इंच वर घ्या, म्हणजे मागची भिंत तेवढी उंच बांधा. दोनातलं एक निवडावं लागेल.

पडवी

पडवीचं पाखं मी नेहमी हाताने टाकतो. आधी गणित. मुख्य भिंत १० फूट असती आणि तोच ७ चा उतार पडवीवर खाली नेला असता तर ८ फुटांत ५६ इंच खाली, पडवीच्या खांबापाशी उरले ५ फूट ४ इंच. माणूस वाकून आत येणार. उतार ३ केला तर उंची मिळते पण एवढ्या सपाट उतारावर कौलांच्या सांध्यातून पाणी मागे शिरतं, जोराचा वारा असला की तर नक्कीच. म्हणून भिंत १२ फूट आणि पडवीला ५ चा उतार: ८ पंचे ४० इंच, १२ फुटांतून ३ फूट ४ इंच गेले, खांबापाशी ८ फूट ८ इंच. वर दीड फूट वळचण, ती साडेसात इंच उतरली तरी ८ फूट अर्धा इंच. छान मोकळी पडवी.

आता रूफ प्लेन टूल घ्या, पडवीच्या खांबांवरच्या तुळईच्या बाहेरच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ड्रॅग करा, ही झाली बेसलाइन, मग कर्सर घराच्या बाजूला नेऊन क्लिक करा, म्हणजे चढ कुठल्या दिशेला ते कळतं. दिशा उलटी दिली तर पाखं अंगणाकडे चढतं, मग डिलीट करून परत काढा. लगेच डायलॉग उघडून पिच ५ आणि बेसलाइन उंची ८ फूट ८ इंच टाका.

मग जॉइन. पडवीच्या पाख्याची वरची कड क्लिक करा, नुसतं पाखं नाही, जी कड जोडायची तीच, कारण तुम्ही कुठल्या कडेजवळ क्लिक केलं तीच कड सॉफ्टवेअर धरतं. जॉइन रूफ प्लेन्सचं बटण दाबा, आणि मुख्य घराच्या पुढच्या पाख्याची वळचणीची कड क्लिक करा. दोन्ही पाखी जिथे गणिताने एकमेकांना छेदतात त्या रेषेपर्यंत येऊन थांबतात, मुख्य पाख्याची पुढची वळचण आपोआप कापली जाते. आता बघा, ती मोडणारी रेषा बरोबर मुख्य भिंतीवर आली का. आली असेल तर तुमचे आकडे बरोबर. भिंतीच्या आत किंवा बाहेर पडली असेल तर बेसलाइनची उंची चुकलीय, रेषा ओढून जागेवर आणू नका, डायलॉगमध्ये जाऊन उंची सुधारा आणि परत जॉइन करा.

काटकोनातलं स्वयंपाकघर

हे ऑटोनेच केलं असेल तर उत्तम, पण नंतर खोली रुंद केली तर हाताने सुधारावं लागतं. १४ फूट रुंद म्हणजे अर्धं ७ फूट, ७ साती ४९ इंच, स्वयंपाकघराचं आढं मुख्य आढ्यापेक्षा २१ इंच खाली. उतार आणि बेसलाइनची उंची दोन्हीकडे सारखी असेल तर हे छोटं आढं मुख्य पाख्यात भिंतीच्या रेषेपासून ७ फूट आत जाऊन टेकतं, आणि दोन्ही बाजूच्या खोबणी, जिथे आपण पत्र्याची पन्हळ टाकतो, त्या प्लॅनमध्ये बरोबर ४५ अंशात दिसतात. ४५ दिसत नसतील तर कुठेतरी उंची किंवा उतार वेगळा आहे.

जोडताना एक मेख आहे. मुख्य पाख्याची मागची वळचण ही एकच अखंड कड आहे, तिला जॉइन केलं तर अख्खी कड वाकडी होते. म्हणून ब्रेक लाइन टूलने त्या कडेचे तुकडे करा: एक ब्रेक स्वयंपाकघराच्या आढ्याच्या रेषेत, आणि दोन ब्रेक दोन्ही बाजूंना खोबण जिथे सुरू होते तिथे. मग मधल्या दोन तुकड्यांपैकी डावा तुकडा स्वयंपाकघराच्या डाव्या पाख्याच्या कडेशी जॉइन, उजवा उजव्याशी. बाहेरचे दोन तुकडे वळचण म्हणून तसेच राहतात. जॉइन करून पाख्याचा आकार विचित्र झाला तर अंडू करा आणि दुसरी कड धरून बघा, दहातली नऊ वेळा चुकीची कड धरलेली असते.

सीलिंग प्लेन

खोलीच्या डायलॉगमध्ये स्ट्रक्चर टॅबला फ्लॅट सीलिंगची खूण असते. ती काढली की सीलिंग थेट वाशांच्या खालून जातं, म्हणजे खोलीतून छपराचाच उतार दिसतो. पडवीला आणि ओटीला हेच चांगलं दिसतं, वेगळं काही करू नका.

माजघराला मात्र वेगळं सीलिंग द्यावं असं माझं मत आहे. कौलांच्या थेट खाली बसलं की मे महिन्यात डोकं तापतं, आणि वायरी लपवायला जागाही नसते. इथे सीलिंग प्लेन, म्हणजे छपराखाली वेगळं बसवलेलं सीलिंगचं तिरकं पाखं, लागतं. काढायची पद्धत रूफ प्लेनसारखीच, भिंतीवर बेसलाइन, मग चढाच्या दिशेला क्लिक. पिच ४ ठेवा, आणि बेसलाइन छपराच्या बेसलाइनपेक्षा ६ इंच खाली, ११ फूट ६ इंचांवर, म्हणजे भिंतीपाशी फळी आणि वासा एकमेकांत घुसत नाहीत. मध्यावर १० चोक ४० इंच चढून १४ फूट १० इंच होतात, छपराच्या आढ्याशी ३ फूट अंतर राहतं, वासा वगळून. दोन्ही बाजूंची सीलिंग प्लेन्स रूफसारखीच जॉइन होतात. गरम हवा त्या पोकळीतून बाहेर जायला दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर जाळी ठेवा, सीलिंग केलं आणि जाळी ठेवली नाही तर उपयोग अर्धाच. पंख्याची दांडी लांब लागेल तेही आत्ताच लिहून ठेवा, हुक सीलिंगच्या फळीला नाही, वरच्या लाकडाला यायला हवा.

झोपायच्या खोलीला १० फुटांवर सपाट सीलिंग आणि वर माळा हवा असेल तर खोलीची सीलिंग उंची १० करावीशी वाटते, पण ऑटो चालू असेल तर त्या खोलीवरचं छप्परही दोन फूट खाली उतरतं, कारण ऑटो बेसलाइनची उंची खोलीच्या उंचीवरूनच घेतं. अचानक आढ्यात पायरी दिसली तर पहिलं कारण हेच शोधा. ऑटो बंद केल्यावरच ही उंची बदला.

क्रॉस सेक्शनमध्ये तपासणी

थ्रीडी बघून छप्पर पास करू नका, वर सांगितलं तसं वाढलेली भिंत चूक झाकते. तीन ठिकाणी क्रॉस सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, कापा: मुख्य घर पडवीसकट आडवं, स्वयंपाकघराच्या आढ्यावरून, आणि माजघराच्या मधून. प्रत्येकात भिंत कुठे संपते, वासा तिच्यावर टेकतो का, दोन्ही बाजूंच्या भिंतींची उंची सारखी आहे का, आणि सीलिंगची फळी कुठे वाशाला छेदते का ते बघा. सेक्शनमध्येही पाखं पकडून ओढता येतं, मोह होतो, पण तिथेही डायलॉगच उघडा.

सगळं जुळलं की रूफ फ्रेमिंग, म्हणजे वाशांचा सांगाडा, नव्याने बिल्ड करा, कारण पाखी बदलल्यावर आधीचे वासे जुन्याच जागी असू शकतात. मग एक वासा उघडून लांबी बघा. ७ च्या उताराला आडव्या दर फुटाला वासा साधारण १.१६ फूट लागतो, मागच्या बाजूला १० फूट आणि २ फूट वळचण मिळून १२ फुटांना १३ फूट ११ इंचांच्या आसपास, वाशाच्या खोलीमुळे आणि आढ्यापाशी होणाऱ्या कापामुळे एखाद दोन इंच इकडे तिकडे. सुताराला आकडा देताना टोकं कापायला वर अर्धा फूट धरून साडेचौदा फुटी वासे सांगा, आणि पुढच्या पाख्याचे वेगळे मोजा कारण तिथे वळचण पडवीच्या रेषेवर कापलेली आहे.